कसब, रजा आणि राजीनामा : कामातल्या समाधानाचा इतिहास

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाताना महामार्गावर ठाणा लागते. त्याला लागूनच जवाहरनगर आहे. या गावाला किल्ला नाही, जुना वाडा नाही, कुणा राजाची कहाणी नाही. १९६२च्या चीन युद्धानंतर देशाने दारूगोळ्याचे नवे कारखाने उभारायला घेतले, त्यातला एक १९६४ साली इथे आला. कारखान्यासाठी माणसे आली, माणसांसाठी वसाहत झाली, वसाहतीत शाळा आली, दवाखाना आला. इतर गावांत आधी गाव असते आणि मग रोजगार येतो. इथे कामातूनच गाव जन्माला आले.

या कारखान्यात स्फोटके आणि तोफगोळ्यांसाठी लागणारी दारू तयार होते. इथल्या एका पदाचे नाव आहे ‘डेंजर बिल्डिंग वर्कर’, म्हणजे धोक्याच्या इमारतीत काम करणारा कामगार. नेमणुकीच्या कागदावरच धोका लिहिलेला असतो. २४ जानेवारी २०२५ रोजी, शुक्रवारी सकाळी, कारखान्याच्या एलटीपीई विभागात स्फोट झाला, इमारतीचे छत खाली आले आणि त्या दिवशी आठ कामगारांचा जीव गेला. स्फोटाचा आवाज काही किलोमीटरवर ऐकू गेला.

आजकाल ‘कामात आनंद कसा शोधावा’ यावर भरपूर लिहिले-बोलले जाते. सकारात्मक राहा, साहेबाशी जुळवून घ्या, कामाला पूजा माना, छोट्या गोष्टींत समाधान शोधा. सल्ले वाईट नाहीत. पण जवाहरनगरच्या धोक्याच्या इमारतीत सकाळी हजेरी लावणाऱ्या माणसाला यातला कोणता सल्ला द्यायचा? हा प्रश्न मनात ठेवून आपल्या भागातल्या कष्टकऱ्यांच्या इतिहासाकडे पाहिले, तर कामातले समाधान ही एकट्याच्या मनाची बाब नाही, असे दिसते. त्याला कमाई लागते, कौशल्याचा मान लागतो, विश्रांती लागते आणि संध्याकाळी धडधाकट घरी परतण्याची खात्री लागते.

शब्दांत दडलेला इतिहास

मराठीत कामाविषयी बोलायला लागलो की फारसी-अरबी शब्दांवाचून पाऊल पुढे पडत नाही. मजूर, मजुरी, कारागीर, कारखाना, नोकरी, चाकरी, मेहनत, हुन्नर, उस्ताद, हजेरी हे सगळे शब्द त्या वाटेने आले आणि मराठीच होऊन गेले. ‘कामगार’ या शब्दातला ‘काम’ इथला आहे आणि ‘गार’ फारसीतला. दख्खनच्या सहजीवनाचा याहून साधा पुरावा नसेल.

यातले तीन शब्द आपल्या विषयासाठी महत्त्वाचे आहेत. पहिला ‘कसब’. अरबीत याचा अर्थ कमाई, मिळवणे. मराठीत तो आला आणि त्याचा अर्थ झाला हातातले कौशल्य. दुसरा ‘रजा’. मुळात याचा अर्थ राजीखुशी, प्रसन्नता, संमती. त्यावरून परवानगी आणि परवानगीवरून सुट्टी. तिसरा ‘राजीनामा’. ‘राजी’ असल्याचा कागद, म्हणजे संमतीपत्र. ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यात शेतकरी आपली जमीन सोडताना ‘राजीनामा’ लिहून द्यायचा आणि नवा धारक ‘कबुलायत’ द्यायचा. पुढे नोकरी सोडण्याच्या कागदालाही तेच नाव मिळाले.

कमाई आणि कौशल्य एकाच शब्दात, प्रसन्नता आणि सुट्टी एकाच शब्दात. भाषेने हे एकत्र ठेवले. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र ते वेगळे झाले आणि पुन्हा जोडण्यासाठी माणसांना झगडावे लागले.

विणकराचे पीर

इस्लामी परंपरेत हाताने कमावलेल्या अन्नाला मोठा मान आहे. माणसाने स्वतःच्या हाताने कमावून खाल्लेल्या घासापेक्षा चांगला घास नाही आणि हजरत दाऊदही आपल्या हाताच्या कमाईवर जगत, असे पैगंबर मुहंमद (स.) यांनी सांगितल्याची हदीस प्रसिद्ध आहे. इमाम गझालींनी आपल्या ‘इह्या’ या ग्रंथात कमाईच्या रीतीभातींवर वेगळे प्रकरणच लिहिले. भारतीय उपखंडातल्या मुस्लीम कारागिरांनी ही शिकवण आपल्या धंद्यात उतरवली ती ‘कसबनामा’ या लेखनप्रकारातून. छोट्या पोथ्या असत त्या. एकोणिसाव्या शतकात शिळाछाप छापखाने आल्यावर त्या स्वस्तात मिळू लागल्या.

कसबनाम्यात प्रत्येक धंद्याची वंशावळ पैगंबरांपर्यंत नेलेली असते. लोहाराचे दाऊद, शिंप्याचे इद्रिस, सुताराचे नूह, विणकराचे शीस, न्हाव्याचे सलमान फारसी. कामाला सुरुवात करताना काय म्हणायचे, कोणते अवजार हाती घेताना कोणती दुआ करायची, धंद्यातले पीर कोण, हे प्रश्नोत्तरांच्या रूपात शागिर्दाला शिकवले जाई. पोथीवाचून मागावर बसणारा आणि पोथी ऐकून बसणारा, दोघांचे कापड सारखेच निघत असेल. पण दुसऱ्याला आपण कुणाच्या गादीवर बसलो आहोत हे ठाऊक होते. ज्या जमातीला बाहेरचे लोक ‘जुलाहा’ म्हणून हिणवत, त्या जमातीला हा मोठा आधार होता. कामठीत आणि नागपूरच्या मोमिनपुऱ्यात वसलेल्या विणकरांनी ‘मोमिन’ आणि ‘अन्सारी’ ही नावे धरली, त्यामागेही हीच प्रतिष्ठेची ओढ आहे. मदिनेत पैगंबरांना आसरा आणि मदत देणाऱ्यांना ‘अन्सार’ म्हणत.

महाराष्ट्राला ही भावना परकी नाही. सावता माळी मळ्यात, गोरोबा चिखलात, नरहरी सोनार आपल्या दुकानात आणि सेना न्हावी आपल्या धोकटीपाशी देव पाहत होते. शेजारच्या कर्नाटकात बसवेश्वरांनी बाराव्या शतकात ‘कायक’ म्हणजे श्रम हीच साधना मानली. कारागिराने आपल्या कामात अर्थ शोधणे ही पाश्चात्त्य व्यवस्थापनशास्त्राची देणगी नव्हे. आपल्याकडच्या पेठांमध्ये आणि मोहल्ल्यांमध्ये ती शेकडो वर्षे नांदत होती.

मन नसलेले काम

या चित्राला दुसरी बाजूही आहे. भंडारा जिल्हा तेव्हा कारागिरांचा होता. पितळी भांड्यांसाठी भंडाऱ्याचे नाव होते. ढीवर समाज ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे कोष वाढवायचा आणि कोष्टी ते रेशीम विणायचे. मोहाडी, आंधळगावचे टसर आजही ओळखले जाते. पण कोष वाढवणाऱ्याने विणकर व्हायचे ठरवले किंवा गावची मेलेली गुरे ओढणाऱ्याने तांबट व्हायचे ठरवले, तर गाव त्याला होऊ देत नव्हते. काम निवडलेले नव्हते, जन्माने अंगावर आलेले होते. मुस्लीम समाजातही अश्रफ आणि कारागीर जाती यांच्यातली दरी पोथ्यांनी बुजली नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि न झालेल्या भाषणात नेमके यावर बोट ठेवले. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांचे विधान सर्वांना माहीत असते. त्याच्या पुढचा मुद्दा मात्र कमी वाचला जातो. माणसाच्या आवडीला, वकुबाला या व्यवस्थेत जागा नाही. ज्या कामात ना मन आहे ना बुद्धी, त्या कामात कार्यक्षमता येणार कुठून, असे ते विचारतात. कामातल्या समाधानावर भारतात लिहिल्या गेलेल्या सर्वांत मूलगामी पानांपैकी ती पाने आहेत. हेच बाबासाहेब १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि पराभूत झाले. जवाहरनगर तेव्हा वसायचे होते.

मराठीत मन नसलेल्या कामाला आपण ‘पाट्या टाकणे’ म्हणतो. मातीच्या पाट्या डोक्यावरून वाहणारा मजूर डोळ्यांसमोर येतो. आळशी माणसाला उद्देशून आपण हा शब्द वापरतो, पण ज्याला पाट्या टाकण्याखेरीज काही करूच दिले नाही, त्याचा विचार करत नाही.

भोंगा आणि रजा

१८६७ साली रेल्वे नागपुरात पोहोचली आणि पाठोपाठ इंग्लंडचे सूत व कापड. हातमागाची कंबर मोडली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. आजूबाजूच्या जिल्ह्यांतले विणकर, त्यात कोष्टी होते, कापड विणण्याची जुनी परंपरा असलेले महार होते, हळूहळू मिलच्या फाटकाकडे वळले. घरच्या मागावर काम करणारा माणूस ऊन, पाऊस, सण, दुखणे पाहून काम करत होता. आता वेळ भोंग्याची होती.

सुरुवातीच्या काळात मिलमध्ये गैरहजेरी फार होती. कामगार आळशी आहेत, असा निष्कर्ष काढून दंड लावणे सोपे होते. जमशेदजी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता यांनी वेगळा मार्ग धरला. १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला, १८९५ पासून अपघातग्रस्त कामगाराला भरपाई मिळू लागली. बक्षीस समारंभ आणि खेळांचे दिवस सुरू झाले. कोंदट मिलमध्ये हवा खेळती राहावी आणि आग लागली तर विझावी, यासाठी यंत्रे बसली. अपघाताच्या भरपाईचा देशव्यापी कायदा त्यानंतर २८ वर्षांनी, १९२३ साली आला, हे लक्षात घेतले तर या निर्णयांचे मोल कळते. यात मालकाचा स्वार्थ नव्हता असे नाही. अनुभवी कामगार टिकला तर कापड चांगले निघते. पण कामगाराचे मन कामात हवे असेल तर त्याच्या उद्याची काळजी आधी मिटवावी लागते, हे त्यांना कळले होते.

तरीही दयाळू मालक मिळणे हा नशिबाचा भाग. बाकीच्यांचे काय? मुंबईत महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित केले ते याच प्रश्नासाठी. १८८४ पासून ते साप्ताहिक सुट्टी मागत होते. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज ‘संडे मूड’ची छायाचित्रे टाकणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे नाव माहीत असते? १८९३ साली मुंबईत हिंदू-मुस्लीम दंगल उसळली, तेव्हा हेच लोखंडे दोन्ही समाजांच्या कामगारांना एकत्र आणायला पुढे झाले. मागावर शेजारी उभी असणारी माणसे मोहल्ल्यात एकमेकांच्या जिवावर उठली, तर रविवार मिळून तरी काय उपयोग, हे त्यांना दिसत होते.

तासांची लढाई पुढेही चालली. १९११च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या पुरुषांना दिवसाला १२ तासांची मर्यादा मिळाली. १९२२ साली आठवड्याला ६० तास, १९३४ साली ५४ तास, १९४६ साली ४८ तास. शेवटचे पाऊल पडले तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. त्यांच्याच काळात, १९४५ साली, कारखान्यातल्या कामगाराला भरपगारी रजेचा कायदेशीर हक्क मिळाला. ‘रजा’ या शब्दाला त्याची मूळची प्रसन्नता परत मिळाली ती तेव्हा. पगार कापला जाणार असेल तर ती रजा कसली, तो नुसता खाडा.

याच काळात अमेरिकेत, शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात, १९२४ ते १९३२ दरम्यान कामगारांच्या मनःस्थितीवर गाजलेले प्रयोग झाले. दिव्यांचा प्रकाश बदलला, विश्रांतीच्या वेळा बदलल्या आणि कामगारांकडे कुणी लक्ष देते आहे या भावनेनेच काम वाढते, असा निष्कर्ष त्यातून पुढे आला. नंतरच्या अभ्यासकांनी त्याला आक्षेप घेतले, पण व्यवस्थापनाच्या पुस्तकांत तो कायम राहिला. त्याच सुमारास १९२८ साली मुंबईचे सुमारे दीड लाख गिरणी कामगार सहा महिने संपावर होते. एका माणसावर जास्त मागांचा बोजा टाकू नका, ही त्यांची एक तक्रार होती. आणि जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नाहीत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, हा प्रश्न बाबासाहेबांनी याच संपाच्या वेळी कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. कामगाराकडे लक्ष द्यायचे म्हणजे काय, याचे उत्तर शिकागोपेक्षा आपल्याकडे अधिक कठोर होते.

विडीचा हिशेब

भंडारा-गोंदियाच्या घराघरांत मात्र भोंगा नव्हता. तिथे तेंदूपत्ता होता. पान भिजवायचे, साच्यावर कापायचे, तंबाखू भरून वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा. घरी बसून, पोरे सांभाळून, आपल्या वेळेने करायचे काम. वरवर पाहता यात स्वातंत्र्य होते. पण संध्याकाळी ठेकेदार त्यातल्या विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढायचा, त्यांची मजुरी द्यायचा नाही आणि छाट मात्र परतही करायचा नाही. वळणाऱ्या बाईच्या कौशल्याचा निकाल दुसऱ्याच्या हाती होता.

कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी १९३०च्या दशकात मध्य प्रांतातल्या विडी मजुरांची संघटना बांधली. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते, पण विडी मजुरांचे संघटक म्हणून त्यांची आठवण कमी काढली जाते. १९३७ साली ते प्रांतिक विधिमंडळावर निवडून गेले आणि १९३९च्या जानेवारीत, ऐन पस्तिशीत, गेले. विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा यायला १९६६ साल उजाडले.

घरून काम करणाऱ्या आजच्या संगणकवाल्यांनी आणि मोटारसायकलवरून जेवण पोहोचवणाऱ्या पोरांनी हा इतिहास जरूर पाहावा. आपल्या वेळेचे मालक आपण, हे ऐकायला छान वाटते. पण दर कोण ठरवतो आणि काम नापास कोण करतो, हे पाहिल्यावर खरी मालकी कळते.

धोक्याच्या इमारतीत

आता पुन्हा जवाहरनगरकडे वळू. १९६४ साली आलेल्या या कारखान्याने वर सांगितलेल्या लढ्यांचे फळ एकत्र दिले. ४८ तासांचा आठवडा, भरपगारी रजा, भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन, राहायला क्वार्टर. भाताच्या शेतीत आणि विडीच्या सुपात अडकलेल्या जिल्ह्यात सरकारी आयुध निर्माणीतली नोकरी म्हणजे घराण्याचा कायापालट होता.

या कामाचे स्वतःचे एक कसबही आहे. स्फोटकांच्या कारखान्यात इमारती एकमेकींपासून लांब ठेवतात, मधे मातीचे बांध असतात. एका खोलीत किती माणसे आणि किती माल असावा, याची मर्यादा ठरलेली असते. काडीपेटी फाटकावर ठेवावी लागते. अंगावर सुती कपडे, पायात ठिणगी न पाडणारे जोडे, हातात लोखंडाऐवजी पितळेसारख्या धातूची अवजारे. पितळेच्या जिल्ह्यात पितळेचा हाही एक उपयोग आहे. इथे पाट्या टाकून चालत नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या सावधपणावर आपला जीव अवलंबून असतो आणि आपल्यावर त्याचा. त्या शेजाऱ्याचे नाव, जात, धर्म काहीही असो. असा विश्वास ज्या कामात लागतो, त्या कामाचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. कसबनाम्यातल्या विणकराचा अभिमान आणि हा अभिमान एकाच जातीचा आहे.

मात्र अभिमानाला पाया लागतो. २०२१ साली केंद्र सरकारने आयुध निर्माणी मंडळ विसर्जित करून ४१ कारखाने सात कंपन्यांत विभागले. १ ऑक्टोबर २०२१ पासून भंडाऱ्याचा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे गेला. सत्तर हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी संपाची हाक दिली होती. ३० जून २०२१ रोजी वटहुकूम निघाला आणि पुढे त्याचा कायदा झाला, त्यान्वये संरक्षण उत्पादनातल्या संपावर बंदी घालता येऊ लागली. जुने कर्मचारी नव्या कंपनीत ‘प्रतिनियुक्ती’वर मानले गेले. नंतर धोक्याच्या इमारतीतल्या पदांसाठी ठरावीक मुदतीच्या नेमणुकांच्या जाहिराती निघाल्या. धोका कायमचा आणि नोकरी मुदतीची, असा हा हिशेब आहे.

राज्यातली हवाही बदलते आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या दैनंदिन कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती घ्यावी लागेल, असे सांगण्यात आले. म्हणजे पुन्हा ‘राजी’ असल्याचा कागद. ज्याची नोकरी पुढच्या वर्षी राहील की नाही हे समोरच्याच्या हातात आहे, त्याने दिलेल्या संमतीला किती अर्थ असतो, हे सांगायला नको.

सबुरी कुणी कुणाला सांगावी

चौदाव्या शतकात इब्न खल्दूनने ‘मुकद्दिमा’त राज्ये का कोसळतात याची कारणे शोधली. त्यात वेठबिगारीला त्याने सर्वांत मोठ्या अन्यायांत गणले. श्रम हीच रयतेची पुंजी आहे. ती मोबदल्याविना ओरबाडली तर माणसांची काम करण्याची इच्छाच मरते आणि मग वस्ती ओस पडते, असा त्याचा युक्तिवाद आहे. काम करण्याची इच्छा ही त्याने राज्याच्या ताकदीची गोष्ट मानली. ती मेली तर दोष मजुराच्या स्वभावाचा नाही, राज्यकर्त्याचा आहे.

आपल्याकडे धार्मिक वळणाची माणसे कामगाराला सबुरीचा आणि कनाअतीचा, म्हणजे आहे त्यात समाधान मानण्याचा, उपदेश करतात. कनाअत हा मोठा गुण आहे. पण तो स्वतःला सांगायचा असतो. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी चुकती करा, हा पैगंबरांचा आदेश मालकाला आहे. मालकाने आपल्या वाट्याचा आदेश बाजूला ठेवून मजुराला सबुरी शिकवणे, हे धर्मातही बसत नाही आणि न्यायातही नाही.

म्हणून कामात समाधान शोधणाऱ्याने मन जरूर शांत ठेवावे, हातातले कसब वाढवावे, सोबत्यांशी जिव्हाळा ठेवावा. हे आपल्या हाती आहे आणि त्याने दिवस खरोखर सोपा होतो. पण त्याचबरोबर आपल्या कामाला चार प्रश्न विचारावेत. कमाई पुरती आणि वेळेवर आहे का? कौशल्याचा निकाल न्यायाने लागतो का? रजा मागताना भीती वाटते का? आणि संध्याकाळी घरी पोहोचण्याची हमी आहे का? उत्तर नकारार्थी असेल, तर दोष आपल्या मनोवृत्तीत शोधत बसू नये. लोखंडे, बाबासाहेब, हरदास यांनी तो तिथे शोधला नव्हता. त्यांनी माणसे जोडली, अर्ज केले, कायदे करून घेतले.

जवाहरनगरच्या त्या घरांत गेलेल्या माणसांची रिकामी जागा आहे. देशाचा दारूगोळा कुणीतरी करणारच. तो करणाऱ्यांचे कौतुक आपण दरवर्षी १८ मार्चला आयुध निर्माणी दिनी करतो. कौतुकासोबत त्यांना बांधांची उंची, माणसांची मर्यादा, तपासणीचा अहवाल आणि कायम नेमणुकीचा कागदही मिळायला हवा. मग ते राजीखुशीने कामावर जातील.